चार अंडी आणि उघडं दार : 'फनी गेम्स' (२००७) का बघावा, कसा बघावा

"काकू, चार अंडी मिळतील का? शेजारच्या काकूंनी पाठवलंय." दारात विशीतला पोरगा उभा आहे. कपडे पांढरेशुभ्र, बोलणं मऊ, मान थोडी खाली. अशा वेळी सोलापुरात कुणी तोंडावर दार लावून घेत नाही. जुळे सोलापुरातली सोसायटी असो की साखर पेठेतलं जुनं घर, विरजण, वाटीभर साखर, कढीपत्त्याच्या दोन काड्या, मिक्सरचं भांडं यांची ये-जा चालूच असते. नाही म्हणणाऱ्या बाईला शेजारी चार दिवस लक्षात ठेवतात. 'फनी गेम्स' हा भयपट याच शेजारधर्माच्या वाटेनं घरात शिरतो. त्यात कुलूप फुटत नाही, खिडकीची काच फुटत नाही, कुणी मुखवटा घालून अंगणात उभं राहत नाही. अंडी मागितली जातात आणि दिली जातात. घरात घुसून छळणाऱ्यांचे सिनेमे पुष्कळ आहेत, पण माणूस आत येतो कसा हे इतक्या बारकाईनं दाखवणारा दुसरा सहसा सापडत नाही.

हा २००७चा रिमेक आहे. मूळ चित्रपट १९९७चा, ऑस्ट्रियाचा, जर्मन भाषेतला, त्या वर्षी कान महोत्सवात स्पर्धेत असलेला. दहा वर्षांनी त्याच दिग्दर्शकानं, मिखाएल हानेकेनं, तो अमेरिकेत इंग्रजीत पुन्हा केला. पुन्हा केला म्हणजे कथा उचलून नव्यानं बेतली, असं नाही. दृश्यांचा क्रम, कॅमेऱ्याची जागा, संवाद, घराची ठेवण, सगळं जुन्याबरहुकूम. नट बदलले, छायाचित्रकार बदलला, भाषा बदलली आणि ऑस्ट्रियातल्या तळ्याकाठचं घर न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर आलं. दुसऱ्याच्या चित्रपटाची अशी शॉटमागून शॉट नक्कल १९९८मध्ये 'सायको'ची झाली होती. स्वतःच्याच चित्रपटाची करणारा विरळा. हानेकेचा हेतू साधा होता. हिंसा करमणूक म्हणून बघणारा इंग्रजी प्रेक्षक हाच त्याच्या डोळ्यांपुढे पहिल्यापासून होता, आणि जर्मन बोलणारा सिनेमा त्या प्रेक्षकापर्यंत पोचलाच नव्हता. म्हणून त्यानं तोच निरोप त्यांच्या भाषेत पाठवला.

इथून पुढे कथानक उघड होत जाईल. काहीच कळू नये असं ज्यांना वाटतं त्यांनी सरळ शेवटच्या काही परिच्छेदांकडे जावं, तिथे घरी बघण्याची तयारी सांगितली आहे; फक्त अगदी अखेरच्या दोन परिच्छेदांत शेवटाचा उल्लेख आहे, एवढं ध्यानात ठेवावं.

जॉर्ज, अ‍ॅन आणि त्यांचा मुलगा जॉर्जी सुटीला आपल्या तळ्याकाठच्या घरी येतात. बाप-लेक पाण्याकडे होडीची जुळवाजुळव करतायत, अ‍ॅन स्वयंपाकघरात आहे. पीटर येतो, शेजारणीचं नाव सांगतो, चार अंडी मागतो. अ‍ॅन देते. बाहेर पडता पडता त्याच्या हातून ती फुटतात. ती फरशी पुसते. तो ओशाळतो, माफी मागतो आणि पुन्हा चार मागतो. मधेच त्याचा धक्का लागून तिचा फोन सिंकमधल्या पाण्यात पडतो. ती आणखी चार देते. या खेपेला कुत्रा अंगावर येतो, अंडी पुन्हा फुटतात, आणि आता त्याच्याबरोबर त्याचा साथीदार पॉलही घरात आलेला असतो. पॉलला कोपऱ्यातली गोल्फची काठी आवडते. एक फटका मारून बघू का, असं तो विचारतो आणि काठी घेऊन बाहेर जातो. थोड्या वेळानं कुत्र्याचं भुंकणं थांबतं. कॅमेरा तेव्हा होडीपाशी, बाप-लेकांजवळ असतो. घरात पीटर अजूनही तिथेच उभा आहे. डझनाच्या खोक्यातली आठ गेली, चार उरली आहेत, आणि त्याला ती चार हवी आहेत.

यातल्या प्रत्येक पायरीवर अ‍ॅनला थांबता आलं असतं, आणि प्रत्येक पायरीवर थांबणं उद्धटपणाचं दिसलं असतं. पहिली चार द्यायचीच असतात. फुटली तर चुकून फुटली. फोन पडला तर तोही चुकूनच. पोरगा माफी मागतोय, अशा वेळी आवाज चढवणारी बाई वाईट ठरते. तिचा धीर सुटतो आणि ती दोघांना बाहेर व्हा म्हणते, तोवर चूक तिच्याच पदरात पडलेली असते. मग जॉर्ज येतो. ती त्याला म्हणते, यांना घालव. तो विचारतो, झालं काय? तिला सांगता येत नाही, कारण सांगायला फक्त फुटलेली अंडी आहेत. नवरा बायकोवर विश्वास ठेवण्याऐवजी आधी खुलासा मागतो. साऱ्या चित्रपटातला हा सर्वांत बोचणारा क्षण आहे, आणि इथे अजून रक्ताचा थेंबही दिसलेला नाही. बोलाचाली वाढते आणि जॉर्ज पॉलच्या थोबाडीत मारतो. पडद्यावर पहिला हात उचलतो तो घरचाच माणूस. उत्तरादाखल पीटर गोल्फच्या काठीनं त्याचा पाय मोडतो. त्यानंतर या घरात दार, भिंत, नवरा यांपैकी कशाचाच आधार उरत नाही.

सोलापुरातल्या वाड्यांत परक्याला अडवण्याच्या पायऱ्या बांधणीतच असायच्या. दिंडी दरवाजा, मग चौक, मग ओसरी, तिच्या आत माजघर आणि सगळ्यात आत स्वयंपाकघर. आलेल्याचं गूळ-पाणी ओसरीवर व्हायचं, ओळख नसेल तर माजघराचा उंबरा ओलांडायची रीत नव्हती, आणि यात कुणाचा अपमानही नव्हता. फ्लॅटमध्ये दार उघडलं की हॉल, हॉलमधून समोर ओटा. परका माणूस दहा पावलांत चुलीपाशी पोचतो. अ‍ॅनच्या घराची ठेवण याच धर्तीची आहे, म्हणून पीटरला ढकलाढकली न करता थेट स्वयंपाकघर गाठता येतं. उलट बाहेरचा बंदोबस्त चोख आहे. मोठं आवार, उंच फाटक. एकदा माणसं आत आल्यावर तेच फाटक घरच्यांना कोंडून धरतं. होटगी रोडकडच्या बंगल्यांत राहणाऱ्यांना हे लगेच जाणवेल, कारण खिडकीला बसवलेलं जाड लोखंडी ग्रिल बाहेरच्याला आत येऊ देत नाही तसं आतल्यालाही बाहेर जाऊ देत नाही.

आता आवाजाकडे, कारण या चित्रपटाचं अर्धं बळ तिथे आहे. सुरुवातीला वरून दिसणारी गाडी, मागे ओढत नेलेली होडी, आणि आत नवरा-बायको एकमेकांना ऑपेरा ओळखायला लावतायत. मास्काग्नी, हँडेल असं शांत, घरंदाज संगीत. मग तिघांच्या हसऱ्या चेहऱ्यांवर लाल अक्षरांत नाव उमटतं आणि जॉन झॉर्नच्या 'नेकेड सिटी' या बँडचा किंचाळणारा, फाटलेल्या आवाजाचा तुकडा सुरू होतो. गाडीतल्यांना तो ऐकू येत नाही, ते हसतच राहतात. तो फक्त बघणाऱ्यासाठी आहे. त्यानंतर जवळजवळ अख्ख्या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. कानावर येतं ते खोलीतलंच : पावलं, श्वास, टीव्ही, नळाचं पाणी. नेहमीचा भयपट व्हायोलिन लावून आता घाबरायचंय असं सांगतो, आणि त्या सांगण्यातच थोडा दिलासाही असतो, कारण व्हायोलिन थांबलं की धोका टळला हे कळतं. इथे ती खूणच काढून घेतली आहे.

शहराच्या पूर्व भागात राहणाऱ्याला ही युक्ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही. यंत्रमागाची खटखट दिवसरात्र चालू असते तोवर माणूस गाढ झोपतो. लाइट जाऊन माग थांबले की जाग येते. 'फनी गेम्स'मधला सर्वांत मोठा प्रसंग असाच बेतला आहे. मुलाला गोळी लागते तेव्हा कॅमेरा त्या खोलीत नसतोच. तो पॉलबरोबर स्वयंपाकघरात असतो. पॉल खायला काहीतरी करून घेतोय. हॉलमधून टीव्हीवरच्या मोटार शर्यतीचा आवाज येतोय. त्यात बंदुकीचा बार होतो, आरडाओरडा होतो, आणि पॉलचे हात थांबत नाहीत. पुढचं दृश्य म्हणजे नुसता टीव्ही, काचेवर उडालेलं रक्त आणि त्याखाली भिरभिरणाऱ्या गाड्या.

ते दोघं निघून जातात आणि मग सुमारे दहा मिनिटांचा एकच शॉट येतो. कॅमेरा लांब ठेवलेला, जागचा हलत नाही. दिव्याचा उजेड, पसरलेला हॉल, शर्यतीची घरघर. बराच वेळ काहीच घडत नाही. बांधलेली अ‍ॅन तशीच बसून आहे. मग ती कशीबशी उठते, जखडलेल्या पायांनी उड्या मारत टीव्हीपर्यंत जाते आणि तो बंद करते. घरघर थांबते. माग थांबावेत तसं. मुलगा गेला हे बघणाऱ्याच्या अंगावर येतं ते गोळीच्या आवाजानं नाही, या शांततेनं. मग जॉर्जचा आवाज फुटतो, आणि तोही दुरूनच, कारण कॅमेरा जवळ जात नाही. जवळ गेला असता तर अश्रू दाखवून बघणाऱ्याला मोकळं केलं असतं. घाईनं बघणारा इथेच फसतो. काही होत नाही असं समजून तो पुढे ढकलतो, टीव्ही बंद होण्याचा क्षण त्याच्या हातून जातो, आणि उरलेला चित्रपट त्याला कोरडा वाटतो.

आणखी एक गोष्ट पाहताना सहसा ध्यानात येत नाही. घरच्यांवरचे घाव जवळजवळ सगळे चौकटीच्या बाहेर आहेत. कुत्रा मेलेला सापडतो, मारताना दिसत नाही. अ‍ॅनला कपडे काढायला लावतात तेव्हा कॅमेरा चेहऱ्यांवरच राहतो. गोळी लागून माणूस कोसळताना समोरासमोर दिसतो तो एकदाच. अ‍ॅन झडप घालून बंदूक उचलते आणि पीटरला मारते. नायकानं उलटून वार केला की टॉकीजमध्ये शिट्ट्या पडतात, त्या जातीचा हा क्षण. बघणाऱ्याचं मन तिथे उसळतंच. लगेच पॉल टीव्हीचा रिमोट शोधतो, बटण दाबतो, आणि चालू चित्रपट मागे सरकतो. पीटर पुन्हा उभा राहतो. या खेपेला पॉल वेळेवर बंदूक हिसकावतो. जो एकच वार बघून बरं वाटलं होतं, तेवढाच पुसून टाकला. याआधीही पॉल मधूनच कॅमेऱ्याकडे बघतो. कुत्र्याचं प्रेत शोधायला अ‍ॅनला 'थंड, गरम' खेळायला लावतो तेव्हा, आणि सकाळी नऊपर्यंत हे कुटुंब जिवंत राहील की नाही याची पैज लावतो तेव्हाही. पैज घरच्यांशी आहे, पण विचारणा बघणाऱ्याला आहे : तुम्ही कुणाच्या बाजूनं?

रिमोटच्या प्रसंगावर अनेकजण चिडतात आणि त्यांचा राग समजण्यासारखा आहे. इतका वेळ खरं वाटायला लावून शेवटी खोटेपणा उघड करणं ही फसवणूक आहे, असं त्यांचं म्हणणं असतं. पण चित्रपटानं पहिल्या पाच मिनिटांतच, हसऱ्या चेहऱ्यांवर ती किंचाळी टाकून, बघणाऱ्याशी वेगळं बोलणं सुरू केलं होतं. होडीतल्या सुरीचंही तसंच. सुरुवातीला होडीत पडलेली सुरी कॅमेरा मुद्दाम दाखवतो. भयपट बघून तयार झालेलं डोकं ती लगेच नोंदवून ठेवतं : शेवटी हिच्याच जोरावर सुटका होणार. शेवटी होडीत अ‍ॅनच्या हाती ती लागते, ती दोर कापायला लागते, आणि क्षणात सुरी काढून घेतली जाते. बस्स. सुटकेची आशा चित्रपटानं कधीच दिली नव्हती, ती इतर चित्रपटांच्या सवयीतून आपण आणली होती.

मग याचं आकर्षण कशात आहे? छळ बघण्याची हौस हे उत्तर इथे चालत नाही, कारण छळ दिसतच नाही. आकर्षण त्या ओळखीच्या उंबऱ्यात आहे. भुताच्या चित्रपटाची भीती पडवीत, विहिरीवर, दूरच्या हवेलीत राहते आणि चित्रपट संपला की तिथेच सोडता येते. इथली भीती आपल्याच हॉलमध्ये बसलेली असते : दाराची साखळी, पीप-होल, सिंक, अंड्यांचा खोका. हिंदीत १९९९मध्ये राम गोपाल वर्मानं 'कौन'मध्ये घर, पाऊस आणि दारावरची बेल एवढ्याच भांडवलावर हा खेळ केला होता. ऊर्मिला मातोंडकर, मनोज वाजपेयी, सुशांत सिंह एवढीच माणसं आणि एकही गाणं नाही. तो ज्यांना आवडला त्यांना 'फनी गेम्स'ची जात लगेच ओळखीची वाटेल. फरक एवढाच की 'कौन' कोडं घालतो आणि उत्तर देतो. इथे उत्तर नाही. पॉल आपल्या साथीदाराच्या वाईट बालपणाच्या दोन-तीन वेगवेगळ्या कहाण्या सांगतो आणि एकीवरही विश्वास ठेवू देत नाही.

मूळ आणि रिमेक यांत निवडायचं तर मूळ वरचढ, हे स्पष्ट सांगायला हवं. पण कारणं नेहमी सांगितली जातात ती नाहीत. नक्कल आहे म्हणून रिमेक कमी पडत नाही. पहिलं कारण नटांचं. १९९७मध्ये अ‍ॅना आणि जॉर्ज झालेले झुझाने लोथार आणि उलरिश म्यूए प्रत्यक्षातही नवरा-बायको होते. तिचा चेहरा तासाभरात सुजून, उतरून असा होतो की नटी हा शब्दच आठवत नाही. रिमेकमधली अ‍ॅन, नेओमी वॉट्स, कसलेली अभिनेत्री आहे. बांधलेल्या अवस्थेत तिनं शरीरानं केलेलं काम लोथारच्या तोडीचं आहे. पण ती तारका आहे, आणि तारका शेवटपर्यंत जगते हा बघणाऱ्याचा पक्का हिशेब असतो. याची दुसरी बाजूही आहे : तो हिशेब चुकतो तेव्हा बसणारा धक्का रिमेकमध्ये जास्त मोठा आहे.

दुसरं कारण उजेडाचं. मूळ चित्रपट युर्गेन युर्गेसनं चित्रित केला, त्यातला दिवसाचा प्रकाश सपाट आणि रोजचा वाटतो. रिमेकला दारियस खोंजी आहे, 'सेव्हन'चा छायाचित्रकार. त्यानं घर देखणं केलं. पांढरे कपडे, पांढरं स्वयंपाकघर, मऊ सावल्या. देखणेपणामुळे मधूनमधून श्रीमंती मासिकातलं चित्र बघतोय असं वाटतं आणि तेवढा धाक कमी होतो.

तिसरं कारण भाषेचं, आणि ते मराठी माणसाला चटकन कळावं. जर्मनमध्ये आपल्यासारखं आदरार्थी सर्वनाम आहे. बायकोचा, नवऱ्याचा छळ चाललाय आणि छळणारा 'आपण', 'तुम्ही' सोडत नाही, यातला गारठा इंग्रजीत येऊ शकत नाही, तिथे सगळ्यांना एकच सर्वनाम. रिमेक ही उणीव 'प्लीज' आणि 'सॉरी' यांच्या माऱ्यानं भरून काढतो, पण ते शब्द इंग्रजीत इतके घासलेले आहेत की त्यांना धार उरलेली नाही. हाच प्रसंग सोलापुरी घरात घडतोय असं समजा. "काकू, रागवू नका की ओ, चारच तर मागालोय." हे वाक्य तिसऱ्यांदा ऐकताना पोटात जे होतं, ते जर्मन आवृत्तीत होतं.

रिमेकमध्ये एक काम मात्र मूळाहून सरस वाटतं : ब्रॅडी कॉर्बेचा पीटर. तो रुसतो, ओशाळतो, जाड्या म्हणून चिडवलं की त्याचा चेहरा पडतो, आणि अंडी मागतानाचं त्याचं अवघडलेपण इतकं खरं आहे की अ‍ॅनच्या जागी कुणीही फसलं असतं. (हाच कॉर्बे पुढे दिग्दर्शक झाला, २०२४चा 'द ब्रुटलिस्ट' त्याचा.) पॉलच्या भूमिकेत मायकेल पिट चांगला आहे, पण कॅमेऱ्याकडे बघतो तेव्हा तो जरा लाडात येतो. मूळातला आर्नो फ्रिश त्याच जागी नुसता बघतो, आणि ते पुरतं.

याच जातीचे बाकीचे रिमेक कुठे घसरतात हे पाहिलं की हानेकेचा हट्ट पटतो. 'द स्ट्रेंजर्स' २००८मध्ये आला. रात्री दारावर थाप, अनोळखी मुलगी भलत्याच कुणाची तरी चौकशी करते, आणि छळाचं कारण शेवटी एवढंच निघतं की ही माणसं घरी होती. २०२४पासून रेनी हार्लिननं त्याच मांडणीवर तीन भागांची मालिका उभी केली. पहिल्या भागात बिघडलेली गाडी आली, संशयानं बघणारं गाव आलं, दम्याच्या पंपासाठी प्रियकरानं घराबाहेर जाणं आलं. भर घालावी तसतसं घर रिकामं होत गेलं. कारण मिळालं की बघणारा म्हणतो, आपल्याकडे असं गाव नाही, आपण सुटलो. कारण नसलं की सुटता येत नाही.

आता बघण्याची तयारी. नावाचा घोळ आधी मिटवा : दोन्ही चित्रपटांचं नाव एकच आहे, रिमेक काही ठिकाणी 'फनी गेम्स यू.एस.' या नावानं असतो. वर्ष आणि नेओमी वॉट्सचं नाव बघून घ्या. दोन्हींची लांबी पावणेदोन तासांच्या आसपास. मधे जाहिराती येणारी आवृत्ती घेऊ नका. त्या दहा मिनिटांच्या शॉटमध्ये साबणाची जाहिरात आली तर चित्रपट तिथेच संपला असं समजा.

टीव्हीच्या चित्राची मांडणी 'व्हिविड'वर असेल तर ती बदला. पांढरे हातमोजे, पांढरे कपडे, पांढरी भिंत हे सगळं त्यात एकमेकांत विरून जातं, घड्या आणि सुरकुत्या दिसत नाहीत. 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' मोड घ्या. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. सॅमसंगमध्ये तिचं नाव ऑटो मोशन प्लस (नव्या टीव्हीत पिक्चर क्लॅरिटी), एलजीत ट्रूमोशन, सोनीत मोशनफ्लो. ती चालू राहिली की नट मालिकेतल्यासारखे दिसतात आणि स्थिर शॉटमधला ताण जातो. चौकट १.८५:१ आहे, त्यामुळे घरच्या टीव्हीवर काळ्या पट्ट्या नावापुरत्याच येतात, झूम करून चित्र ताणायची गरज नाही. पाठीमागची ट्यूबलाइट मालवा, नाहीतर रात्रीच्या हॉलमध्ये आपलंच प्रतिबिंब दिसत राहील.

आवाज सुरुवातीच्या ऑपेरावर जुळवू नका. तो हळू आहे म्हणून आवाज वाढवला की पुढच्याच क्षणी झॉर्नचा बँड अख्ख्या मजल्याला जागं करेल. पहिला स्वयंपाकघरातला संवाद नीट ऐकू येईल एवढा आवाज ठेवा आणि मग हात लावू नका. आवाज आपोआप समान करणारा 'नाइट मोड' बंद असावा, कारण तो शांतता वर उचलतो आणि बार खाली दाबतो, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. भिंतीला भिंत लागून घर असेल तर कान झाकणारे हेडफोन उत्तम. आणि सोलापूरचा उन्हाळा टाळा. पारा चाळिशीच्या वर असताना कूलर आणि पंखा बंद करून बसणं शक्य नाही, आणि त्यांच्या घरघरीत हा चित्रपट ऐकूच येत नाही. जानेवारीतल्या गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) जत्रेच्या दिवसांतली थंडी, दारं-खिडक्या लावलेली, चादर पांघरून बसता येईल अशी रात्र, हा त्याचा हंगाम. संवाद सोपे आहेत, पण पॉल हळू बोलतो, म्हणून इंग्रजी अक्षरं खाली चालू ठेवा.

मुलांना दाखवू नका. मुलाचा छळ हाच चित्रपटाचा कणा आहे, आणि बारा-तेरा वर्षांच्या पोराला तो सोसणार नाही. ज्यांच्या घरी खरोखर कधी चोरी-दरोडा झाला असेल त्यांनीही लांब राहावं. कुत्र्यावर जीव असणाऱ्यांना आधी कल्पना द्या. दोन्ही आवृत्त्या बघायच्या असतील तर लागोपाठ दोन दिवस बघू नका, दुसरा नुसती तुलना होऊन बसतो. आधी २००७चा, महिनाभरानं १९९७चा. आणि तेव्हा तीन जागी लक्ष ठेवा : पीटर उंबरा ओलांडतो तेव्हा त्याचे खांदे, टीव्ही बंद होण्यापूर्वीची अ‍ॅनची पाठ, आणि होडीतली सुरी हातातून जाते तेव्हाचा तिचा चेहरा.

एक शेवटची गोष्ट ॲपवर बघणाऱ्यांसाठी. सेटिंगमध्ये जाऊन पुढचा चित्रपट आपोआप सुरू होणं बंद करा. सकाळ झालीय, पॉल तळ्याकाठच्या दुसऱ्या घराच्या दारात उभा राहून अंडी मागतोय, घरची बाई आत वळते आणि तो कॅमेऱ्याकडे बघतो. चौकट तिथेच गोठते आणि झॉर्नचा बँड पुन्हा सुरू होतो. ऑटोप्ले चालू असेल तर नेमक्या त्याच वेळी चित्र कोपऱ्यात आक्रसतं आणि त्या नजरेवर दुसऱ्याच कुठल्यातरी सिनेमाचं पोस्टर येऊन बसतं.